अडीचशे यार्डांवर अडणारा कायोटी : जानेवारी कॅम्पचा वृत्तांत

मंडळी, ओढ्यावरच्या त्या अडेलतट्टू कायोटीचं (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातलं इथलं जनावर) कोडं सुटलं. पूर्ण नाही, पण पहाटेचा भाग तरी सुटला. आणि तो सुटला कायोटी-शिकारीच्या कॅम्पमुळे, ज्या कॅम्पला जावं की नाही यावर आपण दिवाळीपासून काथ्याकूट करत होतो. म्हणून आज कॅम्पचा जमाखर्चही मांडतो, पण आधी ओढा.

जागा तीच. ॲरिझोनातल्या विल्कॉक्सच्या उत्तरेला सल्फर स्प्रिंग्ज खोऱ्यातला गवताळ माळ, वर पिनालेनो डोंगर, उतार खाली प्लायाकडे, म्हणजे कोरड्या तळ्याच्या सपाटीकडे. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारा कोरडा ओढा, दोन्ही काठांवर मेस्कीटची काटेरी झुडपं. आमची बैठक पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला, कारण पहाटे वारा पश्चिमेचा असतो. कायोटी सरळ कधी येत नाही, फिरून वाऱ्याखाली जाणार, म्हणजे पूर्वेच्या उघड्या माळावर दिसणार, हा हिशेब. भोंगा, म्हणजे जनावरांचे आवाज काढणारं रिमोटवरचं यंत्र, डाव्या हाताला ऐंशीएक यार्डांवर. मांडणीत कुणालाही खोट काढता येणार नाही. आणि दर वेळी घडतं तेच : हाकेला ओ मिळते, थोड्या वेळाने कायोटी दक्षिणेकडून ओढ्यातून वर येतो, अडीचशे यार्डांवर काठावर चढतो, बूड टेकतो, आमच्याकडे बघतो आणि आल्या वाटेने परत जातो. पळत नाही, भुंकत नाही. शांतपणे उठून जातो, त्याचाच जास्त संताप येतो.

(अडीचशेवर टू-टू-थ्री रायफल सहज पोचते हे कृपया पुन्हा लिहू नका. त्या काठामागे पवनचक्की आणि गुरांचं टाकं आहे, गोळी अडवायला मागे माती नाही. तिथे घोड्याला बोट लावायचं नाही हे ठरलेलं आहे.)

कायोटी का अडतो याचे संशयित बरेच झाले. आमची हालचाल दिसते म्हणून लपायची जाळी बदलली. आवाज शिळा झाला म्हणून सशाच्या किंकाळीऐवजी जॅकरॅबिट (मोठा रानससा) लावला, मग पिल्लाचं केकाटणं. नकली सावज लावून पाहिलं, काढून पाहिलं. गाडी दूर लावली. वारा तर पुडीच्या बाटलीने (दाबली की बारीक पावडर उडते, ती जाते तिकडे वारा) दर काही मिनिटांनी तपासत होतो. पावडर नाकासमोरून निघायची आणि इमानदारीत पूर्वेला जायची. त्यामुळे वाऱ्याला मी केव्हाच निर्दोष सोडलं होतं. शेवटी भोंगाच बदलायचा, मोठ्या कर्ण्याचा घ्यायचा, असं मनाशी पक्कं करून कॅम्पला गेलो.

कॅम्पमध्ये पहिल्या रात्री जोड्या पाडतात. माझा नेहमीचा जोडीदार, नागपूरकर, सोबत होता, पण गाड्यांची संख्या विषम निघाली म्हणून आमच्यात तिसरा माणूस आला : सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून जनावरं धरणारे. पायाचं दुखणं, त्यामुळे फार चालणं नको. आधी वाटलं, झालं, आता तिघांचा वास आणि तिघांचा खोकला. त्यांनी स्वतःच सांगितलं की मी बंदूक आणणार नाही, मागच्या उंचवट्यावर दुर्बीण घेऊन बसतो. त्यांच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी, आणि डबीत मिल्कवीडचा कापूस. आपल्या रुईची ही अमेरिकेतली भावंडं. आपण लहानपणी जी म्हातारी पकडायला धावायचो, तीच ही. डबी त्यांनी माझ्या हातात दिली. दर मिनिटाला एक सोड म्हणाले, बाकी मी बघतो.

पहाट कडक होती, बाटलीतलं पाणी गोठलेलं. पहिली म्हातारी सोडली तशी ती पावडरसारखीच पूर्वेला निघाली. मी मान फिरवून भोंग्याकडे बघायला लागलो. सूर्य आग्नेयेकडून वर येत होता आणि मागे उंचवट्यावर बसलेल्या त्या गृहस्थांना उन्हासमोर प्रत्येक तंतू चमकताना दिसत होता. बैठक उठल्यावर त्यांनी काठीने मातीत रेघ काढली. कापूस पूर्वेला वीस-पंचवीस यार्ड जातो, ओढ्यावर आला की बुडतो, उजवीकडे वळतो आणि पात्रातून खाली दक्षिणेला चालू लागतो. एक-दोन नव्हे, सगळेच. कायोटी त्या दिवशीही आला, बसला आणि गेला, आणि तो ज्या जागी बसला तिथपर्यंत त्यांच्या दुर्बिणीतून एक तंतू जाताना दिसला होता.

म्हणजे काय, तर निरभ्र थंड रात्री डोंगराच्या उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि पाटाच्या पाण्यासारखी सखल जागा धरून खाली वाहते. वर डोक्याशी लागणारा पश्चिमेचा वारा वेगळा, पात्रातला प्रवाह वेगळा. आमचा वास वरच्या वाऱ्याने ओढ्यावर नेऊन टाकला की खालचा प्रवाह तो उचलून थेट कायोटीच्या वाटेवर पोचवत होता. बिचाऱ्याला वळसा घालायची गरजच नव्हती, आमचा वारा त्याला घरबसल्या लागत होता. पावडर दोन-तीन मीटरमध्ये विरते, त्यामुळे पुढचं वळण तिच्यात कधी दिसणारच नव्हतं. पुडीच्या बाटल्या विकणाऱ्यांवर माझा राग नाही, पण खोऱ्यात आणि ओढ्याकाठी ती वस्तू खेळणं आहे, हे माझं मत आता कायम.

मग उपाय. माझी पहिली कल्पना होती बैठक पूर्व काठावर हलवायची. ट्रॅपर म्हणाले, जागा सोडू नकोस, वेळ सोड. ऊन उतारावर लागलं की गार हवेचा ओघ थांबतो, मध्ये काही काळ हवा कुठेच जात नाही, आणि मग ती उलटी, चढाच्या दिशेने चालू लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ओढ्यापासून लांब सपाटीवर एक रिकामी बैठक काढली आणि नऊच्या सुमाराला ओढ्यावर आलो. नागपूरकर गाडीत कुरकुरला, "इतक्या उन्हात कोन येते बे?" मी डबी उघडली. म्हातारी ओढ्यावर गेली, थोडी रेंगाळली, आणि अलगद वर उचलून डावीकडे, उत्तरेला गेली. मंडळी, मला जागेवरच उठून नाचावंसं वाटलं.

जानेवारीचा शेवट म्हणजे जोड्या जमायचा हंगाम, म्हणून सुरुवात सशाने न करता तोंडाने फुंकायच्या पिपाणीवर मादीची एक लांब हाक दिली. एकच. मग पूर्ण शांतता, दूर प्लायाकडून क्रौंचांचा कलकलाट तेवढा. मग भोंग्यावर, माझ्या फॉक्सप्रोवर, हलक्या आवाजात ससा. दक्षिणेकडून तो आला, नेहमीच्या काठावर चढला, आणि बसला नाही. उतरला, पात्रातून दुडक्या चालीने थेट साठ यार्डांवर. नागपूरकराने मागची दरड बघून टू-टू-थ्रीने एका गोळीत घेतला. नर, केस दाट, कातडं उत्तम. कुरकुर बंद, आणि "मी म्हनलंच होतं" सुरू.

आता जमाखर्च. जमेच्या बाजूला हे एवढं मोठं की बाकीचं मोजावंसं वाटत नाही, तरी सांगतो. तिसरी दुर्बीण एकट्या-दुकट्याला मिळत नाही. बंदूक न घेता दुसऱ्याची बैठक बघत बसायला घरचं कुणी तयार होतं का? कॅम्पला असे लोक असतात. शेकोटीवर फुकट मिळणारं ज्ञान वेगळंच : कातडं कसं सोडवायचं, पिपाणीची पट्टी थंडीत का चिकटते (ओठांची वाफ गोठते, खिशात छातीशी ठेवा), लांडगा आणि कायोटी कसा ओळखायचा. शेवटच्या गोष्टीवर संयोजकांनी चांगला वेळ दिला. मेक्सिकन लांडगे १९९८ पासून ॲरिझोनाच्या पूर्व भागात पुन्हा सोडले गेले, ते संरक्षित आहेत आणि भटकतात. अंगाने दुपटीहून थोर, थोबाड रुंद, कान त्या मानाने आखूड, पंजा मोठा. शंका आली तर बंदूक खाली, एवढा एकच नियम.

आणि हो, बक्षिसं नव्हती. २०१९ मध्ये इथल्या गेम अँड फिश कमिशनने (राज्याचं वन्यजीव मंडळ) कायोटीसारख्या शिकारी आणि फरवाल्या जनावरांच्या, प्रवेश फी आणि बक्षिसं असलेल्या शिकार स्पर्धा बंद केल्या, त्याच वर्षी शेजारच्या न्यू मेक्सिकोने कायोटी स्पर्धांवर बंदी आणली. तेव्हा बरीच बोंब झाली होती. मला विचाराल तर कॅम्पसाठी ते उत्तमच झालं. स्पर्धा असती तर त्या ट्रॅपरनी ती डबी दुसऱ्याच्या हातात दिली असती का?

खर्चाची बाजू मात्र खरोखर जड आहे. एका खोऱ्यात एवढ्या जोड्या, आणि जवळजवळ सगळ्यांच्या भोंग्यात कारखान्यातून आलेले तेच चार आवाज. पहिल्या दिवशी कायोटी धावत आले. शेवटच्या सकाळी सशाचा पहिला सूर निघाला आणि समोरच्या टेकाडावरून एक मादी इशाऱ्याचं भुंकणं भुंकत राहिली, थांबेचना. तीन-चार मैलांवरच्या दुसऱ्या जोडीनेही हेच सांगितलं. ही शिकलेली जनावरं पुढच्या महिन्यात आपल्याच वाट्याला येणार आहेत. ज्यांची लाडकी जागा कॅम्पच्या टापूत आहे, त्यांनी यायच्या आधी दोनदा विचार करावा. माझा ओढा आता वर्षभर तरी गेला असं धरून चालतो.

दुसरा खर्च सुरक्षेचा ताण. वाटून दिलेल्या रेषा पाळणारे पाळतात, पण एका गाडीने सकाळी आमच्या बाजूचं कुंपणाचं फाटक ओलांडलं आणि भोंगा लावला. आम्ही सामान आवरून सरळ निघून आलो. वस्तीच्या घरापासून पाव मैलाच्या आत परवानगीवाचून बार काढायचा नाही हा राज्याचा कायदा सगळ्यांना पाठ, पण आपल्याच कॅम्पमधली माणसं कुठे बसलीत ते विसरतात. नारिंगी टोपी चालताना घाला, बसताना काढा, एवढं केलं तरी पुष्कळ.

आम्हाला बंदूक हातात घेता येते का, असं व्हिसावर असलेल्यांनी मागे विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे महत्त्वाचं आहे. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, त्याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. कॅम्पमध्ये लोक प्रेमाने रायफल हातात देतात, "बघ तर, वजन कसं आहे." परवाना संपलेला असेल किंवा काढलाच नसेल तर तीही घ्यायची नाही, कॅमेरा घेऊन या. आणि माझ्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा.

सामानाचं थोडक्यात. फॉक्सप्रो थंडीत कुरकुरला नाही. नागपूरकराच्या दुसऱ्या भोंग्याचा रिमोट दोन्ही पहाटे गारठून बंद पडला, दुकानदार म्हणतो सेल बदला, सेल नवेच होते. त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना कळलंच असेल.

मोठ्या कर्ण्याचा भोंगा घ्यायचा बेत रद्द. त्या पैशात चांगली तिपाई आणि दुसरी दुर्बीण घेतो, कारण आता दर बैठकीला एकाने मागेच बसायचं असं आमचं ठरलंय.

पण लिहितालिहिता एक शंका डोक्यात आली. संध्याकाळचं काय? ऊन पश्चिमेच्या डोंगराआड गेलं की तीच हवा पुन्हा खाली वाहायला लागणार, आणि आपण सगळे शेवटचा तास सोन्याचा म्हणून ओढ्याकाठीच बसतो. मग उलटं करून पाहिलं तर? दिवस मावळताना बैठक ओढ्याच्या अगदी खालच्या टोकाला, प्लायाच्या सपाटीवर, म्हणजे वास पुढे मोकळ्यात निघून जाईल आणि कायोटी डोंगराकडून उतरताना आपल्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहील. वळसा घालून खाली आला तर मात्र उघड्यावरून यावं लागेल, तिथे मागे मातीचा बांध आहे, गोळीला अडचण नाही. आधी मी फेब्रुवारीत कोचीझच्या बाजूला नवी जागा शोधायला जाणार होतो. ते राहू दे. आधी बंदूक न घेता दोन संध्याकाळी नुसता कापूस सोडून येतो.

त्यासाठी कापूस हवा. डबीत चिमूटभर उरलाय, आणि आपल्याकडच्या वाळवंटी मिल्कवीडच्या शेंगा मला अजून कुठे फुटलेल्या दिसल्या नाहीत. टुसॉन-फिनिक्स पट्ट्यात कुणाच्या अंगणात झाड असेल तर शेंगा तडकायच्या आधी तोडून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पेट्रोल माझं, येऊन घेऊन जाईन.