तुम्ही विचारलंत म्हणून: ओळखीतल्या माणसाकडून पण लिहून का घेता?

भोसरी एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं शॉप आहे, म्हणजे पत्र्यावर कोरडी रंगाची पावडर बसवून ओव्हनमध्ये भाजायची, सगळं जॉबवर्क, माल पार्टीचा, काम आमचं. पॅनलचे दरवाजे, ब्रॅकेट, रॅक, जे येईल ते. काम घेऊन येणारी नवी पार्टी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे विचारतेच, कधी हसत, कधी जरा लागल्यासारखं, की वहिनी आपण एकाच टपरीवर चहा पितो आणि तुम्ही मला सही मागता, विश्वास नाही का आमच्यावर? नातेवाईकांत तर अजून वाईट, तिथे ‘आपल्यात कसला कागद’ हे वाक्य ठरलेलंच. म्हणून एकदा नीट लिहिते.

विश्वास आहे म्हणूनच तर काम घेते हो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचं काम मी स्टॅम्प पेपरवर पण घेणार नाही, कारण ज्याला बुडवायचंच आहे त्याला कागद अडवत नाही, आणि शिवाजीनगर कोर्टाच्या चकरा मारायला माझ्याकडे ना वेळ आहे ना पैसा. कागद मी चांगल्या माणसाबरोबरच करते. कारण चांगली माणसं पण एकच वाक्य बोलून दोन वेगळ्या गोष्टी डोक्यात घेऊन घरी जातात.

आमच्याच धंद्यातलं सांगते. रेट ठरतो स्क्वेअर फुटावर. आता पत्र्याला दोन बाजू असतात. पार्टीच्या डोक्यात दरवाजा म्हणजे लांबी गुणिले रुंदी, विषय संपला. आमच्या डोक्यात दोन्ही बाजू, कारण पावडर दोन्हीकडे बसते. फोनवर दोघंही मनापासून ‘ठरलं मग’ म्हणतात, खोटं कोणीच बोलत नसतं, आणि मग बिल गेलं की समोरच्याला ते दुप्पट दिसतं आणि त्याला वाटतं हिने फसवलं. बरं हे झालं एरियाचं. पावडर कोणाची, त्यांनी द्यायची की आम्ही आणायची? शेड ७०३५ (फिकट राखाडी) सांगितली, पण ग्लॉसी की टेक्सचर? जाडी ६० ते ८० मायक्रॉन म्हणालात, पण मोजायची सपाट भागावर की आतल्या कोपऱ्यात, जिथे पावडर नीट पोचतच नाही? पत्रा आधीच गंजका आला आणि महिन्याभरात कोटिंग सुटलं तर रिजेक्शन कोणाच्या खात्यात? जुनं कोटिंग स्ट्रिप करायचे, म्हणजे उतरवायचे पैसे कोण देणार? बोलताना हे कोणी काढत नाही, वाईट दिसतं म्हणून. लिहायला बसलं की एकेक आपोआप निघतं, आणि बहुतेक वेळा चहा संपायच्या आत मिटतं पण. माल जायच्या आधी मिटलं म्हणजे भांडण नाही, माल गेल्यावर निघालं की भांडण.

दुसरं म्हणजे शब्द देणारा माणूस त्या खुर्चीवर कायम बसलेला नसतो. आमच्या गल्लीत लेथ चालवणारे एक काका आहेत. त्यांना एका कंपनीच्या परचेसमधून फोन, लाईन थांबलीये, तुम्ही माल चालू करा, पीओ (लेखी परचेस ऑर्डर) येतोच आहे. काकांनी रात्रपाळ्या लावून माल दिला. पुढे तो परचेसवाला नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या जागी आलेला मुलगा, तोही सज्जनच, म्हणाला काका सिस्टीममध्ये पीओच दिसत नाही, पीओ नाही तर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होत नाही आणि जीआरएन नाही तर बिल अकाउंट्सला घेतच नाहीत. काकांकडे माल पोचवल्याचं डिलिव्हरी चलन होतं, गेटवरच्या सिक्युरिटीचा शिक्का पण होता, पण त्यावर फक्त नग, रेट कुठेच नाही. शेवटी मिळेल त्या रेटला तडजोड केली. यात कोणी लबाडी केली असं मला आजही वाटत नाही. जो बोलला होता त्याने बहुतेक खरंच पीओ काढायचा ठरवलं असणार, पण तो गेला आणि त्याचा शब्दही त्याच्याबरोबर गेला, आणि पगार द्यायचे होते ते काकांना.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कागद लहान माणसाला जास्त लागतो. मोठ्या कंपनीकडे वकील आहे, सिस्टीम आहे, तुमचं पेमेंट त्यांच्या हातात आहे, त्यांचं काही अडत नाही. आणि आपल्याकडे लिहून मागायला लाजतो तो नेमका लहान माणूसच, काम हातचं जाईल म्हणून.

कायद्यात तोंडी करार चालत नाही असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टप्रमाणे बोलून ठरलेला व्यवहारही करारच असतो, काही ठराविक गोष्टी सोडून. जमीन-घराची विक्री तोंडी होत नाही, भाड्याचा लीव्ह अँड लायसन्स महाराष्ट्रात लेखी आणि रजिस्टर्डच लागतो. पण तोंडी करार सिद्ध कसा करणार? तुम्ही म्हणणार हे ठरलं, तो म्हणणार ते ठरलं, आणि मधल्या काळात कारखाना कोण चालवणार?

आता एक गंमत बघा, चांगल्या अर्थाने. लघुउद्योगांसाठी २००६ चा जो एमएसएमईडी कायदा आहे त्यात पेमेंटची मुदत लेखी ठरली असेल तर ती जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. म्हणजे पीओच्या मागे बारीक अक्षरात ९० दिवस छापलं असलं तरी सूक्ष्म आणि लघु उत्पादकापुढे ते टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हे ऐकून काहीजण म्हणतात, मग लिहायचंच कशाला, १५ दिवस बरे की! अहो पण माल पोचला कधी, किती, कुठल्या रेटने, हे कागदाशिवाय कुठून आणणार? आणि त्याच कायद्यात अजून एक आहे जे माझ्या मते सगळ्यात कामाचं. मालाबद्दल तक्रार असेल तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी करावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असंच धरतात. पेमेंट मागायला गेलं की दोन महिन्यांनी ‘तुमचं कोटिंग बरोबर नव्हतं’ ऐकू येतं ना, त्याचं उत्तर हे आहे. फक्त उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधीपासून करून ठेवा, फुकट आहे, ऑनलाईन होतं.

पण कागद म्हणजे सगळं झालं असंही नाही, आणि हे आपल्या पुणे जिल्ह्यानेच आधी भोगलंय. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावचे शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर गेले आणि वह्या, कर्जरोखे मागून घेऊन जाळले. तिथे व्यवहार तोंडी नव्हता, सगळं लेखीच होतं! पण लिहिणारा एकटा सावकार. शेतकऱ्याला वाचता येत नाही, अंगठा उठवायचा, पैसे फेडले तरी पावती नाही. त्यात १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं केली होती, शेतकऱ्यावर व्याज चढत जाऊ नये म्हणून, तर दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा. नंतर १८७९ मध्ये जो कायदा आला त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हायला हवा, पावती द्यायला हवी, हिशोब द्यायला हवा असं आलं. इतक्या लोकांचं नुकसान झाल्यावर सुचलेली ही साधी गोष्ट आहे: दोघांनाही वाचता आलं पाहिजे आणि दोघांकडेही राहिलं पाहिजे. म्हणून मी मराठीत लिहिते, दोन प्रती काढते, आणि समोरच्याला म्हणते आत्ता सही नको, घरी नेऊन वाचा. आमच्याकडे पत्रा वाकवून देणाऱ्या एका भावांना इंग्लिश येत नाही, त्यांच्याकडून इंग्लिश कागदावर सही घ्यायची मला लाज वाटेल.

आणि तुम्ही स्वतः सही करताना एक ऐका. ‘मॅडम ते छापील असतं हो, आपल्यात तसं काही नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथेच ते कलम पेनने खोडा आणि दोघांच्या सह्या घ्या. एकदा अटी कागदावर आल्या की त्यांच्या विरुद्ध तोंडी काय ठरलं होतं ते कोर्ट सहसा ऐकून घेत नाही, म्हणजे ते तोंडी आश्वासन जिथल्या तिथे मेलं.

मोठा ॲग्रीमेंट ड्राफ्ट दर वेळी लागत नाही. फोन ठेवला की मी लगेच मेसेज टाकते: आत्ता बोललो त्याप्रमाणे, इतके नग, हा रेट, दोन्ही बाजू धरून, पावडर आमची, माल अमुक तारखेला, पेमेंट ३० दिवस, बरोबर असेल तर ओके लिहा. ओके आला की काम ओव्हनमध्ये. ईमेल तर अजून बरा. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ईमेलवर पक्कं झालेलं धरलं, बॉक्साइटच्या जहाजांचा मोठा सौदा होता, औपचारिक करारावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या तरी. फक्त मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तर बॅकअप घ्या, कारण कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने ठरवलेलं सर्टिफिकेट लागतं.

आणि ज्यांचे पैसे आधीच तोंडी व्यवहारात अडकलेत, मला सगळ्यात जास्त फोन त्यांचेच येतात, त्यांनी एवढं तरी करा. येणं वसूल करायला दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते, आणि नुसते फोन करत राहिल्याने ती वाढत नाही. पण मुदत संपायच्या आत समोरच्याने ‘इतके देणं आहे’ असं लिहून सही दिली तर तिथून नव्याने तीन वर्षं मोजतात. मार्चमध्ये सगळे अकाउंटंट बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी किती ते सही करून कळवणारं पत्र, मागवतातच, त्यात आपलंही पत्र पाठवा, कोणाला वेगळं वाटत नाही, आणि सही-शिक्का होऊन परत येईपर्यंत पाठपुरावा करा.