सगळ्यांचं गेलंय ना?

पतंगांच्या सणाचा दुसरा दिवस, म्हणजे १५ जानेवारीचं वासी उत्तरायण आटोपलं की बडोद्यात लिंबाच्या फांद्यांवर पतंग आणि तारांवर मांजा महिनाभर लोंबत राहतो. इंटरनेटच्या काळ्या केबलीही याच खांबांवरून त्या गच्चीवर उड्या मारत गेलेल्या. गुंतलेला मांजा कुणी पोरगं हिसडून ओढतं आणि कुणाच्या तरी घरचं नेट जातं. यंदा भर दुपारी आमचं गेलं.

डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे बाहेरून केबलीतून नेट आणणारा प्रकाशच घरात पोचत नाहीये. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काडीचाही उपयोग नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी केलंच. मग गॅलरीत जाऊन समोरच्या वहिनींना हाक मारली, “तुमचंही गेलंय का हो?”

ही घराण्याची सवय. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी लाइट गेले की आई आधी खिडकी गाठायची, मेणबत्ती नंतर. समोर अंधार दिसला की तिचा आवाज खुलायचा, “सगळ्यांचे गेलेत हो!” मग काय, ओट्यावर सतरंजी, अभ्यासाला सुट्टी, कुणाकडचे तरी शेंगदाणे. पण समोर उजेड असला की घरात सुतक. बाबा स्टुलावर चढून मीटरजवळचं पांढरं चिनीमातीचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसायचे. मी बॅटरी धरायची आणि ती हलली म्हणून बोलणी खायची. जुन्या वायरचं टोक दातांनी सोलून बाबा तांब्याचा एकच केस सुटा करत, दोन्ही स्क्रूंना वेढा देत, उरलेलं टोक कटकन तोडत. जळक्या फ्यूजचा तो वास मला आवडायचा, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

नेटचंही तसंच असतं. कंपनीकडून येणारी एक काचेची तार वाटेत एका छोट्या डबीत ३२ किंवा ६४ घरांना वाटली जाते. डबीच्या अलीकडे तुटलं तर सगळ्यांचं जातं, पलीकडे तुटलं तर एकट्याचं. त्या तारेत प्रकाश धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. डोक्यावरचा केसही त्याच्या कितीतरी पट जाड. एक हिसका पुरे. म्हणून मी आशेवर होते की मोठंच काहीतरी तुटलं असेल.

वहिनी म्हणाल्या, “आमची कंपनी वेगळी.” खालच्या मजल्यावर तिसरीच. आता एका जिन्यात चार कंपन्या. सगळ्यांचं एकदम जाणार तरी कसं?

संध्याकाळी लाइनमन आला. त्याने केबलच्या टोकाला पेनाएवढा लेझर लावला आणि मला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीमागे, मांजाच्या गुंत्याशेजारी, केबलीला बारीक लाल ठिपका चमकत होता. तुटलं होतं तिथूनच प्रकाश गळत होता.

“बेन, तमारुं एकलानुं ज गयुं छे,” तो म्हणाला.

“नीट बघा ना भाई,” मी म्हटलं, “मागच्या गल्लीतही कुणाचं गेलं असेल.”