बांधावरचा हौद आणि एल येरो

वरूडकडच्या आमच्या संत्रा पट्ट्यात शेतीला थ्री फेज वीज कित्येकदा रात्रीच मिळते; म्हणून विहिरीवरची मोटर ऑटोवर टाकून बांधावरचा हौद रात्रीतून भरून घ्यायचा आणि सकाळी त्याच पाण्याने, मोटरला हात न लावता, उताराने बागेचे ओलित करायचे, ही आमच्या घरची रीत आहे. एल येरो बेटावरील वीज केंद्राविषयी वाचताना मला हा हौदच आठवला.

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी हे एक बेट. क्षेत्रफळ सुमारे 268 चौरस किलोमीटर, बारमाही नदी एकही नाही, आणि तरीही तेथे 2014 साली जलविद्युत केंद्र सुरू झाले. पाच पवनचक्क्यांची क्षमता 11.5 मेगावॅट आहे. वारा भरपूर असला की उरलेल्या विजेने खालच्या तळ्यातील गोडे पाणी सुमारे 650 मीटर उंचावरील, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात बांधलेल्या तळ्यात चढवले जाते. वारा पडला की तेच पाणी पाइपातून खाली येऊन चार पेल्टन टर्बाइन फिरवते आणि 11.3 मेगावॅटपर्यंत वीज देते. चढवायला लागली तेवढी वीज परत मिळत नाही, हे उघडच आहे.

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. आमचा हौद दहा हजार लिटरचा आणि बागेपासून पाच मीटर उंच. त्यातील सगळ्या पाण्यात वीज जेमतेम 0.14 युनिट, म्हणजे नऊ वॅटचा एक दिवा पंधरा तास. तेथे मात्र एक हजार लिटरमध्येच पावणेदोन युनिट साठलेले असतात. गळती वजा जाता दीड धरावे. सारी करामत उंचीची.

उणीव आहे ती खालच्या तळ्यात. वरच्या तळ्यात 3,80,000 घनमीटर पाणी मावते, पण खाली 1,50,000 घनमीटरच; त्यामुळे वरचे सगळे पाणी एका दमात वापरता येत नाही. 2019 च्या उन्हाळ्यात हे बेट सलग 24 दिवस डिझेलच्या विजेविना चालले, तरी डिझेलचे केंद्र मोडीत काढता आलेले नाही.

बाबांना हे सारे समजावून सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मंग तिथं लाइन दिवसाबी रायते का?”

राहते, असे मी म्हणालो. आमची या आठवड्याची पाळी रात्री दहाची आहे.