आमची वाटचाल : पेटी ते सर्व्हर

भुसावळ हे सी. पी. बेरार सर्किटमधील, म्हणजे सिनेमा वितरणाच्या त्या विभागातील, वितरकांचे ठाणे असल्यामुळे वडिलांनी प्रोजेक्टर दुरुस्तीची आणि प्रिंट (सिनेमाची फिल्म) तपासणीची पेढी येथेच काढली. सुरत लाइनच्या पॅसेंजरने प्रिंटची पेटी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारला जाई आणि परत येताना फिल्मच्या कडेची फाटलेली छिद्रे, चरे घेऊन येई. एखादे गाणे तर ऑपरेटरने कापूनच ठेवलेले असे. हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे अकरा मिनिटे चालते. एका सिनेमाची अशी सोळा-अठरा रिळे रिवाइंडरवर फिरवताना कडेला बोट लावून बसायचे आणि खाच जाणवली की थांबायचे. तुटलेली फिल्म जोडताना ब्लेडने इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून सिमेंटचा (फिल्म जोडायच्या चिकट द्रवाचा) एकच हात द्यायचा, कारण सिमेंट जास्त झाले की जोड कडक होऊन प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, उडतो. हे मी वडिलांची चापट खाऊन शिकलो. पुढे पॉलिएस्टरच्या प्रिंट आल्या, त्यांना सिमेंट धरत नसे, म्हणून टेप घेतली. तो बदल पचला.

२००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा उतरवून घेणारे सर्व्हर आले. मुंबईच्या शुक्रवारी दोंडाईच्यातही पहिला खेळ लागू लागला, आणि प्रेक्षकांचे त्यात भलेच झाले हे मी नाकारत नाही. पण ज्या मुलाला आम्ही जुन्या प्रोजेक्टरच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या लावायला शिकवले, त्याने सर्व्हर बसवण्याचे काम मिळवताच गावोगावी सांगितले की ही पेढी आता भंगारात जमा झाली. वर्षभरात आमची गिऱ्हाइके निम्म्याहून कमी झाली. आमच्याच हाताने तेल घातलेली मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने चढताना मी पाहिली, आणि एकदा तर घरातले दागिने गहाण ठेवून कारागिरांचे पगार दिले.

त्या काळात दोंडाईच्याच्या एका शेठजींनी मात्र साथ सोडली नाही. ‘‘मशीन नवं शे भाऊ, पन हात तुमनाच पाहिजे,’’ असे म्हणून त्यांनी नव्या प्रोजेक्टरचा दिवा बसवण्याचे काम आम्हाला दिले. सिनेमा उपग्रहावरून येवो की हार्ड डिस्कवर, पडद्यावर उजेड पाडणारा झेनॉन वायूचा दिवा तेव्हा जुनाच होता, हे ध्यानात आले तिथून पेढी सावरली.

टॉकीजवाल्यांनी एवढे करावे : अर्थिंग नीट करून घ्यावे, सर्व्हरला वेगळा यूपीएस द्यावा आणि ठरलेले तास भरले की दिवा बदलावा. थंड दिव्यातही वायूचा दाब असतो. चेहऱ्यावर ढाल असल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि काचेला उघडे बोट लावू नये.

त्या जुन्या शिष्याच्या गिऱ्हाइकांचेही आता आम्हाला फोन येतात. आम्ही जातो, मात्र त्यांच्याकडून गाडीभाडे आगाऊ घेतो.