फुलीच्या टाक्याचा वारसा: उलटी बाजू आधी बघा

मॅटीच्या, म्हणजे विणीतली चौकोनी घरं मोजता येतात अशा कापडावर फुलीच्या टाक्यात भरलेली पोपटांची जोडी, हंस, नाहीतर 'सुस्वागतम्'. नागपुरातल्या कितीतरी जुन्या घरांच्या बैठकीत असं काहीतरी अजून काचेआड टांगलेलं आहे. बहुतेक ठिकाणी ते दारासमोरच्या भिंतीवर, म्हणजे थेट उन्हाच्या तिरिपेत असतं. नाहीतर कूलरच्या झोतासमोर. कापडाला या दोन्हीपेक्षा वाईट जागा नाही.

उन्हाचं गणित सरळ आहे. रंग उडतो तो एका दिवसात नाही, पण रोजचा प्रकाश साठत जातो आणि उडालेला रंग कशानेही परत येत नाही. म्हणून वस्त्रसंग्रहालयांत कापडावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात. बैठकीच्या खिडकीजवळ भरदुपारी त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. कूलरचं मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, बाहेरची हवा खडखडीत कोरडी असते आणि आपण खिडकीत डेझर्ट कूलर लावून खोली दमट करतो. नावात वाळवंट आहे, पण खोलीत तो पावसाळा आणतो. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, आणि उन्हाळा संपताच जुलैचा खरा पावसाळा सुरू होतो. काचेच्या आतल्या कडेला जे तपकिरी ठिपके दिसतात, त्यांत जुन्या कामांमध्ये बुरशी आणि मागच्या पुठ्ठ्यातलं आम्ल दोन्ही असतात.

तेव्हा उपाय एकच: मूळ काम भिंतीवरून काढायचं, त्याचा नमुना उतरवून घ्यायचा, नवीन भरायचं आणि टांगायचं ते नवीन.

फ्रेम उघडताना घाई नको. ती उलटी टेबलावर ठेवून मागचा कागद ब्लेडने कडेकडेने कापा, खिळे पकडीने उपसा, काच शेवटी. कापड काचेला चिकटलेलं दिसलं तर ओढू नका. दोऱ्याचा वरचा थर काचेवर राहतो. कापड हार्डबोर्डवर सरसाने चिकटवलेलं असेल, तरी तसंच राहू द्या. हे काम वस्त्र-जतन करणाऱ्या जाणकाराचं आहे. बाकी बहुतेक जुनी कामं मागच्या बाजूने दोऱ्याने आवळलेली असतात, ती सहज सुटतात.

आता कापड पालथं करा. पुढची बाजू वर्षानुवर्षं प्रकाशात होती, मागची अंधारात. समोरून राखाडी दिसणारा पोपट मागून अजून हिरवागार असतो, फिकट गुलाबी कडा मागून राणी रंगाची निघते. रंग जुळवायचे ते मागच्या बाजूशी. समोरून जुळवले तर तुम्ही विटलेल्या कामाची नक्कल करता, मूळ कामाची नाही. मोबाइलमधल्या फोटोवरूनही रंग ठरवू नका. उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी, ऊन थेट न येता, जवळच्या तीन छटांच्या लड्या शेजारी ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली निवडलेला निळा दिवसा जांभळट निघतो. अँकर आणि डीएमसी या दोऱ्यांच्या कंपन्यांचे रंगक्रमांक वेगवेगळे असतात; एकाचा क्रमांक सांगून दुसऱ्याची लडी आणली की गोंधळ ठरलेला.

नमुना उतरवायला आलेखाचा कागद घेऊ नका, एक मिलिमीटरच्या घरात डोळे फुटतात. गणिताची चौकटीची वही उत्तम. जुन्या कापडात सुई न घालता त्यावर दर दहा घरांनी गडद शिवणदोरा आडवा-उभा नुसता ताणून ठेवा आणि दोऱ्याची टोकं खालच्या पुठ्ठ्याला टाचणीने, कापडाबाहेर, अडकवा. मग दहा गुणिले दहाचा एकेक चौकोन वहीत उतरवा, रंगांऐवजी चिन्हं वापरून. जुन्या कामात मोजणी चुकलेली सापडतेच: एका पोपटाच्या पंखाला एक घर जास्त, वेलीचं एक पान गायब. ती चूक तशीच उतरवावी असं आमचं मत. दुरुस्त करायला गेलात की पुढची सगळी नक्षी एका घराने सरकते, हा व्यवहारी भागही आहेच.

कापडाबद्दल एक सावधगिरी. फुलीच्या टाक्यासाठीच विणलेल्या आयडा कापडाला ठरलेली मोजणी असते: ११, १४, १६, १८, म्हणजे एका इंचात तेवढी घरं. मॅटीचं तसं नाही. ती ताग्यागणिक बदलते आणि आडवी-उभी सारखी असेलच असं नाही. समजा आडव्या इंचात १२ घरं आणि उभ्यात ११. मग १२० बाय १२० घरांचा गोल नमुना रुंदीला १० इंच आणि उंचीला जवळजवळ ११ इंच होतो, गोलाचं अंडं होतं. म्हणून इतवारीच्या किंवा बर्डीच्या बाजारात कापड घेताना पट्टी सोबत ठेवा, दोन्ही दिशांना दहा-दहा सेंटिमीटर मोजा, मगच मीटर फाडायला सांगा. मूळ काम अशाच असमान मॅटीवर असेल तर नवीन कापडाची तीच बाजू आडवी धरा.

आकाराचा हिशोब: नमुन्याची घरं भागिले मोजणी. १४० बाय ९८ घरांचा नमुना १४ च्या आयडावर १० बाय ७ इंचांत बसतो, ११ वर तो पावणेतेरा बाय नऊच्या घरात जातो. चारही बाजूंना तीन-तीन इंच सोडा, म्हणजे कापड १६ बाय १३. तीन इंच जास्त वाटतात, पण फ्रेमवाल्याला कापड मागे वळवायला ते लागतात. काठाला आधी हातशिलाई किंवा पिको करून घ्या.

दोरा किती लागेल? लडी आठ मीटरची आणि सहा पदरी, म्हणजे सुटे पदर ४८ मीटर. १४ च्या कापडावर दोन पदर वापरायचे, म्हणून कामाचा दोरा २४ मीटर. एका पूर्ण फुलीला पुढचा-मागचा मिळून साधारण नऊ मिलिमीटर दोरा जातो. कागदावर अडीच हजारांहून जास्त फुल्या निघतात, प्रत्यक्षात सुरुवात-शेवट आणि उसवणं धरून दीड ते पावणेदोन हजार. वरचा नमुना पूर्ण भरला तर १३,७२० फुल्या, म्हणजे नऊ लड्या. पार्श्वभूमी एकाच रंगाची असेल तर तिच्या लड्या एकदमच घ्या. पुढच्या खेपेच्या रंगात किंचित फरक असला तरी मोठ्या सपाट भागात पट्टा दिसतो.

सुई बोथट टोकाची: १४ ला २४ नंबर, १६-१८ ला २६, ११ ला २२ नंबरची सुई आणि तीन पदर. दोरा एक हात, म्हणजे १८ इंच. जास्त लांब घेतला तर प्रत्येक टाक्याला घासून शेवटचा भाग पिंजतो. लडीतून पदर एकेक करून ओढा आणि मग जुळवा. दोन एकदम ओढले की गुंता. सुरुवात गाठ न मारता: एकच पदर ३६ इंच घेऊन दुमडा, दोन्ही टोकं सुईत, पहिल्या अर्ध्या टाक्यानंतर मागच्या फासातून सुई काढा. गाठ मारली तर फ्रेममध्ये ताणल्यावर तिथे टेंगूळ दिसतं.

सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेचा हवा. आडवी ओळ जाताना सगळे अर्धे टाके, येताना दुसरा अर्धा, असं केलं की दिशा आपोआप सांभाळली जाते आणि मागे सरळ उभ्या रेघा दिसतात. मागे एका रंगाने तीन-चार घरांपेक्षा लांब उडी मारू नका. पांढऱ्या मॅटीवर काळा किंवा मरून दोरा पुढून सावलीसारखा दिसतो. दर दहा-बारा टाक्यांनी सुई सोडून लोंबकळू द्या, दोऱ्याचा पीळ सुटतो. आणि दिवसाचं काम संपलं की कापड ताणून धरणारी रिंग काढा, सुई कापडातून बाहेर काढा. हा आळस फार महागात पडतो: नागपूरच्या पावसाळ्यात आठवडाभर अडकून राहिलेली सुई गंजाचा ठिपका सोडते, तो साबणाने जात नाही, आणि ब्लीच लावलं तर कापडच खचतं.

काम पूर्ण झाल्यावर धुवा. हाताचा तेलकटपणा आज दिसत नाही, पाच वर्षांनी पिवळा दिसतो. लाल, मरून, गडद निळा यांची परीक्षा आधी: ओल्या पांढऱ्या कापसाने मागून दाबा. रंग लागला तर गार पाण्यातच, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळत राहा. रंग सुटतोय असं दिसताच घाबरून कापड वाळत टाकणं ही नेहमीची चूक; वाळला की डाग बसला. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि थोडं ओलं असतानाच जाड टॉवेलवर पालथं ठेवून इस्त्री करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

जुनं काम मात्र धुवायचा मोह टाळा. मऊ ब्रशने धूळ काढली की पुष्कळ झालं. पुठ्ठ्याच्या नळीवर आधी ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर खळ काढून धुतलेलं मलमल, आणि मग भरलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. घडी नको, घडीच्या रेषेवर धागा तुटतो. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. लोकरीला कसर लागते, आणि सुती कापडाला खळ असेल तर त्यालाही.

आता खरं वाळवंट, म्हणजे कच्छचं रण. भरतकाम करणाऱ्याने कच्छला एकदा तरी जावं, आणि तिथे नवीन काम न्यावं, जुनं नाही. नागपूरहून अहमदाबादला थेट गाडी आहे, पुढे भूजसाठी दुसरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. त्याआधी पांढऱ्या रणात पावसाळ्याचं पाणी असतं. भूजपासून धोरडो हे रणाच्या कडेचं गाव साधारण ८० किलोमीटर, रणात जायला परवाना लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. पण रणाआधी भूजजवळ अजरखपूरला 'श्रुजन' या कच्छी भरतकामासाठी काम करणाऱ्या संस्थेचं एलएलडीसी हे संग्रहालय बघा.

तिथे फुली मोजणाऱ्याने नेमकं शोधायचं ते सूफ आणि खारेक हे भरतकामाचे दोन प्रकार. सूफ त्रिकोणांचं भरत आहे. कापडावर काहीही न आखता, उभे-आडवे धागे मोजून, आणि तेही मागच्या बाजूने भरतात. एका धाग्याने चुकलं तर त्रिकोणाचं टोक जुळत नाही. हे काम आता पाकिस्तानात असलेल्या थरपारकरकडच्या सोढा राजपूत आणि मेघवाळ बायकांचं; १९७१ च्या युद्धानंतर यातली अनेक कुटुंबं सीमेपलीकडून कच्छमध्ये आली आणि कपड्यांच्या गाठोड्याबरोबर मोजणीही आली. खारेकमध्ये आधी काळ्या दोऱ्याने चौकोनांचा सांगाडा मोजून घेतात, मग समोरून पट्टे भरून सगळं कापड झाकतात. आपल्या शेजारच्या कर्नाटकी कशिद्यातही मोजणीचे टाके आहेत, त्यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. आणि शुद्ध फुलीच बघायची तर पॅलेस्टाइनचं ततरीझ: आईचा भरलेला झगा मुलीकडे जातो. २०२१ मध्ये युनेस्कोने या भरतकामाची नोंद मानवतेच्या वारशाच्या यादीत केली. घरं नसलेल्या साध्या कापडावर तिथे वर जाळीचं कॅनव्हास टाचून फुली भरतात आणि शेवटी कॅनव्हासचे धागे एकेक ओढून काढतात. कॉटनच्या साडीच्या पदरावर किंवा कुर्त्यावर भरायचं असेल तर ही युक्ती आपल्याकडेही चालते, फक्त कॅनव्हासच्या धाग्यात सुई खुपसू नका, नाहीतर तो ओढून निघत नाही.

प्रवासात काम लहान न्या: सहा इंची रिंग, दोन सुया (एक हरवणारच), क्रमांक लिहिलेल्या पुठ्ठ्यांवर गुंडाळलेले दोरे, नमुन्याची झेरॉक्स. मूळ वही घरीच. विमानाने जाणार असाल तर कात्री चेक-इन सामानात. कोरड्या हवेत बोटांना भेगा पडतात आणि त्यात दोरा अडकतो. क्रीम रात्री लावा, भरण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा. रणात काम पिशवीबाहेर काढूच नका. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, कापडात राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच डाग धरतो. चुकून लागलंच तर मुक्कामावर साध्या पाण्याने धुऊन टाका, घरी पोचेपर्यंत थांबू नका.

जुनं भरत विकत घेतलंत तर घरातल्या वारशाशेजारी लगेच ठेवू नका. साधं सुती-लोकरी कापड असेल तर हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा, म्हणजे आत कीड असली तर मरते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर पाणी जमतं. त्यानंतर मऊ ब्रशने वाळू झटका, आरशांच्या कडेला ती जास्त अडकलेली असते.

आणि नवीन काम फ्रेममध्ये जाण्यापूर्वी खालच्या कोपऱ्यात एका पदराने साल घाला. मूळ कोणी भरलं, नक्कल कोणी केली, दोऱ्यांचे क्रमांक, कापडाची मोजणी, हे पेन्सिलीने कागदावर लिहून वहीसोबत आणि उरलेल्या लड्यांसोबत ठेवा. फ्रेमवाल्याला सांगा की कापड आणि काच यांच्यात माउंटचं (मधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर हवं, मागे आम्लविरहित पुठ्ठा हवा, फेविकॉल अजिबात नको. तो 'काही होत नाही' म्हणेल. तरी आवळायचं दोऱ्यानेच.