तुम्ही विचारलंत म्हणून: धावत्या गाडीचा हेडलाइट

एखादी गाडी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावते आहे आणि तिचा हेडलाइट लावला, तर उजेड पुढे पडेल का? इंदुरात भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे वर्गात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, इथल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात चहा घेतानाही येतो. मला तो फार आवडतो. आइन्स्टाइन सोळा वर्षांचा असताना, प्रकाशकिरणाच्या मागे त्याच्याच वेगाने धावलं तर काय दिसेल, या विचाराने असाच अस्वस्थ झाला होता.

उजेड पडेल, आणि गाडीतल्या माणसाला तो रोजच्यासारखाच पडलेला दिसेल. समोर आरसा धरला तर चेहराही नेहमीसारखाच दिसेल. गाडीत बसून मोजलंत तर उजेड सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर वेगानेच पुढे जातो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने तोच उजेड मोजला तर त्यालाही हाच आकडा मिळतो. गाडीचा वेग प्रकाशाच्या ९० टक्के असेल, तर कडेच्या माणसाच्या हिशेबाने एका सेकंदानंतर उजेड गाडीच्या फक्त तीस हजार किलोमीटर पुढे असतो. गाडीतला म्हणतो, जवळजवळ तीन लाख किलोमीटर पुढे आहे. दोघेही खरं बोलत असतात. दोघांचा सेकंद एक नाही, दोघांचा किलोमीटर एक नाही, आणि ‘आत्ता’ म्हणजे नेमकं कधी यावरही त्यांचं एकमत होत नाही.

इथे विद्यार्थी अडतात, आणि अडायलाच हवं. लहानपणापासून आपण वेगांची सरळ बेरीज करत आलो आहोत. १९०५ च्या सापेक्षता सिद्धांताने त्या बेरजेला एक भागाकार जोडला. वेग प्रकाशाच्या वेगाच्या पटीत लिहायचे, त्यांची बेरीज करायची, मग त्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवायचा आणि त्याने बेरजेला भागायचं. ०.९ आणि ०.९ घेतले तर १.८ भागिले १.८१, म्हणजे ०.९९४. आता गाडी ०.९ आणि हेडलाइटचा उजेड १ घ्या. १.९ भागिले १.९, बरोबर १. गाडीचा वेग काहीही घ्या, उत्तर १ च येतं. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा. मी फळ्यावर करून दाखवते तेव्हा मुलं मान डोलावतात, पण स्वतः केल्यावर त्यांचे डोळे चमकतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९६४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हा हेडलाइट खरोखर लावला गेला. तिथे गाडी होती न्यूट्रल पायॉन हा कण, वेग प्रकाशाच्या ०.९९९७५ पट. हा कण जन्मताच फुटतो आणि त्यातून गॅमा किरण निघतात. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, डोळ्यांना न दिसणारा. जुनी बेरीज खरी असती तर पुढे निघालेल्या किरणांचा वेग जवळजवळ दुप्पट भरला असता. भरला तेवढाच, नेहमीचा.

वेग बदलत नाही, मग बदलतं काय? दिशा आणि रंग. माझ्या मते मूळ प्रश्नापेक्षा ही गोष्ट जास्त सुंदर आहे.

दिशेचा बदल इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीने अठराव्या शतकातच पकडला होता. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या नळीतून खाली येईपर्यंत नळी थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून दुर्बीण पृथ्वीच्या गतीच्या दिशेने किंचित कलती धरावी लागते. हा कल जेमतेम २०.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). पण वेग प्रकाशाच्या ९० टक्के झाला, की ऐन बाजूला, काटकोनात असलेला तारा नाकासमोरच्या रेषेपासून फक्त २६ अंशांवर येऊन बसतो. खांद्याच्या बराच मागे, १२० अंशांवर असलेला ताराही समोर ४३ अंशांवर दिसू लागतो. पडद्यावर यान वेग घेतं तेव्हा तारे रेघा होऊन मागे पळताना दाखवतात. खरं दृश्य नेमकं उलटं: तारे पुढे गोळा होतात आणि मागचं आकाश रितं होत जातं.

रंगाचंही तसंच. त्याच वेगाला समोरून येणाऱ्या प्रकाशाची वारंवारता ४.३६ पट होते. हिरवा प्रकाश अतिनील होऊन डोळ्यांआड जातो आणि एरवी न दिसणारा अवरक्त प्रकाश दिसू लागतो. मागच्या ताऱ्यांचा हिरवा अवरक्तात बुडतो. याचा अगदी बारीक अंश आपल्या वाट्यालाही आलेला आहे. सगळ्या आकाशातून येणाऱ्या विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून उरलेल्या मंद प्रारणाच्या, तुलनेत आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने, साधारण सिंह राशीच्या दिशेने चालली आहे. त्या बाजूचं प्रारण सरासरीपेक्षा केल्व्हिनच्या तीन-साडेतीन हजारांश भागाने गरम भरतं.

आता आपल्या गावाकडे येते. राजेंद्रनगरच्या पुढे जे कॅट आहे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, तिथे इंडस-२ नावाचं १७२.५ मीटर परिघाचं कडं आहे. त्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. या ऊर्जेला इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा किती मागे असतो? सेकंदाला सुमारे सहा मीटर. म्हणजे मुलगा शाळेला उशीर झाला म्हणून जोरात सायकल हाणतो, तेवढाच फरक. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा पुन्हा एकदा ताडून पाहिला होता.

चुंबकांनी वळवलं, की हे इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने तो प्रकाश आजूबाजूला चहूकडे पसरतो. आपल्या दृष्टीने तो बहुतेक सगळा पुढे, एका अरुंद शंकूत गोळा होतो. हा शंकू इतका अरुंद, की दहा मीटर अंतरावर तो मधल्या रेषेपासून जेमतेम दोन मिलिमीटर फाकतो. ताऱ्यांचं जे पुढे गोळा होणं वर सांगितलं, त्याचीच ही दुसरी बाजू. आणि रंग? इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतो. ही वारंवारता रेडिओच्या मध्यम लहरींच्या जवळची. सावकाश फिरणाऱ्या विद्युतभाराने एवढ्या फेऱ्या मारल्या असत्या तर रेडिओ लहरीच निघाल्या असत्या. इंडस-२ मधून क्ष-किरण निघतात, आणि शास्त्रज्ञ त्यांनी पदार्थांची आतली रचना तपासतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा हेडलाइट आपल्या गावात लागतो, कामाला येतो, आणि कॅट रोडने रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी जणांना त्याची कल्पना नसते, याची मला फार हळहळ वाटते. मुलांना हे आधी सांगा, मग सूत्रं शिकवा.

असा प्रकाश प्रयोगशाळेत माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो २४ एप्रिल १९४७ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे. तिथल्या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्राची नळी काचेची होती म्हणून तो दिसला. इलेक्ट्रॉनची ऊर्जा पूर्ण असताना ठिपका निळसर पांढरा दिसे. ऊर्जा उतरवली की पिवळा होई, आणखी उतरवली की लालसर.

या सगळ्यावर हटकून येणारा पोटप्रश्न: आणि गाडी बरोबर प्रकाशाच्याच वेगाने गेली तर? ‘प्रकाशासाठी काळ थांबतो’ असं उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते पटत नाही. ज्याच्यापाशी वस्तुमान आहे, घड्याळ आहे, त्याला त्या वेगाला पोहोचताच येत नाही. मग तिथून काय दिसतं याला अर्थ उरत नाही. पुष्कळ ऊर्जा ओतली तर? ओतून पाहिलेली आहे. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या एलईपी यंत्रात २००० साली इलेक्ट्रॉनची ऊर्जा इंडस-२ च्या चाळीस पटींहून वर नेली होती. सहा मीटरची ती पिछाडी तिथे सेकंदाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आली. शून्य झाली नाही. आणि त्या इलेक्ट्रॉनवर बसून मोजता आलं असतं, तर त्याच्यातून निघालेला प्रकाश त्याच्यापुढे सेकंदाला पूर्ण २,९९,७९२ किलोमीटर वेगानेच गेला असता.