लहान मुलांना घेऊन इमॅजिकाला जाताय?

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कहून आत्ताच घरी पोचलो. सुट्टीची गर्दी आणि सोबत पाच वर्षांखालची मुलं. ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

मुलांची उंची घरीच मोजा. चपला काढून, भिंतीला टेकवून, सेंटीमीटरमध्ये. राइडच्या तोंडाशी मोजपट्टी असते. तासभर रांगेत उभं राहून तिथे "तू अजून लहान आहेस" ऐकलं की मुलाचा चेहरा बघवत नाही.

गेट उघडल्यावर बरेचजण पहिल्याच राइडला थांबतात, म्हणून आधी आतलं टोक गाठा. जेवण साडेअकरालाच उरका.

हातावर बॉलपेनने लिहिलेला फोन नंबर घामाने पुसला जातो. मार्करने लिहा, तोही दंडाच्या आतल्या बाजूला. मनगटावरचा नंबर हात धुताना जातो.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतलं तर क्षार दुप्पट होतात, लहानग्यांना ते बाधतं. कृपा करून मापानेच करा.

पाण्याच्या राइड्स शेवटी. ओल्या मोज्यांनी टाचेला फोड येतात, ओल्या कपड्यांनी मांड्या सोलवटतात. चड्डीसकट कपड्यांचे दोन जोड, ओल्यासाठी जाड पिशवी आणि गाडीत एक कोरडा टॉवेल ठेवा.